विषाणूंवरील औषधें : वेळेचा प्रश्न

शत्रु आणि रोग यांना वाढूं देऊं नये, उगवतांच त्यांचा बंदोबस्त करावा, असें जुन्या नीतिकारांनीं सांगून ठेवलें आहे. परंतु हा उपदेश पाळावयाचा तर शस्त्र आधींच हाताशीं असावें लागतें. शत्रु वेशीपाशीं येऊन ठेपल्यावर लोहाराची भट्टी पेटवून भागत नाहीं. विषाणूंपासून होणाऱ्या रोगांच्या बाबतींत मनुष्यजातीनें ही चूक एकदां नव्हे, अनेकदां केलेली आहे. ती कां घडते, हें समजून घेणें प्रत्येक सुशिक्षित कुटुंबाच्या हिताचें आहे.

१९१८ सालच्या जून महिन्यांत इन्फ्लुएंझाची साथ मुंबईंत पसरली. पहिली लाट ओसरली, आणि पावसाळा संपतां संपतां दुसरी आली ती भयंकर रूप घेऊनच. त्या साथीनें हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें दगावलीं, असा अंदाज आहे. वैद्य आणि डॉक्टर तेव्हां निरुपाय होते. कारण रोगाचा कर्ता कोण, हेंच मुळीं ठाऊक नव्हतें. कित्येकांनीं एका जंतूला दोषी धरलें होतें. खरा अपराधी १९३३ सालीं लंडन येथें सांपडला. विल्सन स्मिथ, क्रिस्टोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ या तिघांनीं फेरेट नांवाच्या, मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्यांत तो रोग उत्पन्न करून दाखविला. पुढें एक आजारी फेरेट स्मिथ यांच्या तोंडावर शिंकला आणि स्मिथ स्वतःच इन्फ्लुएंझानें आजारी पडले. अपराध्याची ओळख अशी अगदीं अंगावर येऊन पटली.

यानंतर दहा वर्षांच्या आंतच पेनिसिलिन रोग्यांच्या उपयोगी पडूं लागलें. न्युमोनिया, विषारी गळवें, चिघळलेल्या जखमा यांचें भय त्यानें पुष्कळ कमी केलें. मग इन्फ्लुएंझा किंवा साधें पडसें यांवर तें कां चालत नाहीं? याचें उत्तर जंतु आणि विषाणु यांच्या राहणींतील भेदांत आहे. जंतु हा स्वतःचें घर आणि स्वतःची चूल असलेला प्राणी आहे. त्याच्या घराला एक विशिष्ट भिंत असते. मनुष्याच्या पेशीला तशी भिंत नसते. पेनिसिलिन ती भिंत बांधूं देत नाहीं, आणि म्हणूनच तें जंतूला मारून रोग्याला राखतें. विषाणूला ना घर, ना चूल. तो दुसऱ्याच्या मुदपाकखान्यांत शिरतो आणि आपल्या पाककृतीचा कागद तेथील आचाऱ्याच्या हातीं देतो. पेशीची सारी सामग्री मग नवे विषाणु घडविण्याच्या कामीं लागते. चूल विझवावी, तर यजमानही उपाशी मरावयाचा! यजमानाला धक्का न लावतां या आगंतुकाचा हात कसा धरावा, हीच विषाणूंवरील औषधांची मुख्य अडचण होय.

ही अडचण सुटूं शकते, हें दाखवून देणाऱ्यांत गर्ट्रूड एलियन या अमेरिकन विदुषीचें नांव अग्रभागीं आहे. पंधरा वर्षांच्या असतां त्यांनीं आपल्या आजोबांना कर्करोगानें मरतांना पाहिलें आणि औषधांच्या संशोधनाला वाहून घेण्याचें ठरविलें. डॉक्टरेटची पदवी अभ्यासक्रम पुरा करून मिळविणें त्यांना कधीं साधलें नाहीं. १९८८ सालीं नोबेल पारितोषिक मात्र मिळालें. त्यांच्या प्रयोगशाळेंत सिद्ध झालेलें ॲसायक्लोव्हिर हें औषध हर्पिस व नागीण या विकारांवर दिलें जातें. त्याची युक्ति मोठी मार्मिक आहे. हें औषध म्हणजे विषाणूच्या वंशद्रव्याच्या घटकाची एक खोटी प्रतिकृति. निरोगी पेशींत तें जवळजवळ निष्क्रिय राहतें. परंतु या विषाणूजवळ स्वतःचें असें एक एन्झाइम असतें. तें या खोट्या घटकाला खरा समजून कामास जुंपतें. तो घटक साखळींत बसला, कीं पुढची कडीच जुळत नाहीं आणि साखळी तेथेंच खुंटते. चोराच्या स्वतःच्या किल्लीनेंच त्याला कोंडावें, तसा हा प्रकार आहे. विषाणूचें जें अवजार मनुष्याच्या पेशीजवळ नाहीं, तें शोधावें आणि त्यावरच घाव घालावा, हा धडा त्यांतून मिळाला.

इन्फ्लुएंझाजवळ असें कोणतें अवजार आहे? पेशींतून बाहेर पडणारे नवे विषाणु तिच्या पृष्ठभागावरील एका शर्करेला चिकटून राहतात. तें बंधन कापून मोकळे होण्यासाठीं त्यांच्याजवळ एक सूक्ष्म कात्री असते. तिला न्यूरामिनिडेझ म्हणतात. १९८३ सालीं ऑस्ट्रेलियांत पीटर कोलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं या कात्रीची नेमकी घडण शोधून काढली. इन्फ्लुएंझाचा विषाणु आपलें बाह्य रूप वरचेवर पालटतो. परंतु कात्रीच्या पात्यांमधील खांच मात्र पालटत नाहीं, असें त्यांना आढळलें. मग त्या खांचेंत घट्ट बसेल असा रेणु रचण्यांत आला. त्यांतून झानामिव्हिर हें हुंगण्याचें औषध निघालें, आणि पाठोपाठ ओसेल्टामिव्हिर हें पोटांत घेण्याचें. १९९९ सालीं अमेरिकेंत दोन्ही मान्य झालीं. यांपैकीं दुसरें औषध तयार करण्यास लागणारें एक आम्ल चक्रीफुलांतून काढीत असत. पुलावांत सुगंधासाठीं पडणाऱ्या या फुलाची गांठ जगांतील मोठ्या साथीशीं पडावी, हा योगायोग मौजेचा खरा.

२००९ च्या ऑगस्टमध्यें स्वाइन फ्लूनें देशांतील पहिला बळी पुण्यांत घेतला, तेव्हां हेंच ओसेल्टामिव्हिर सरकारी रुग्णालयांतून दिलें गेलें. १९१८ आणि २००९ यांतील हा फरक लहान नव्हे. तथापि या औषधाला एक अट आहे. ताप आल्यापासून ४८ तासांच्या आंत तें सुरू झालें, तर त्याचा गुण विशेष. विषाणूची वाढ पहिल्या दोन-तीन दिवसांतच शिगेला पोंचते. पुढें होणारा त्रास बराचसा शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारामुळें होतो. धान्य लुटून चोर पळाल्यावर कोठाराला कुलूप लावून काय साधणार?

हीच गोष्ट कोरोनाच्या साथींत पुन्हा दिसून आली. १९२१ नव्हे, २०२१ सालीं, एप्रिल आणि मे महिन्यांत, रेमडेसिव्हिरच्या कुप्यांसाठीं महाराष्ट्रांतील कुटुंबें एका औषधविक्रेत्याकडून दुसऱ्याकडे रात्रंदिवस हिंडत होतीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोठ्या चाचणींत मात्र असें आढळलें होतें, कीं रुग्णालयांत दाखल झालेल्यांचे प्राण वाचविण्याच्या कामीं या औषधाचा उपयोग फारसा नाहीं. उलट, धोका अधिक असलेल्या रोग्यांना आजाराच्या पहिल्या सात दिवसांत, रुग्णालयाची पायरी चढण्यापूर्वींच, तें तीन दिवस टोंचलें असतां रुग्णालयांत जाण्याची पाळी ८७ टक्क्यांनीं कमी आली. औषध तेंच, वेळ निराळी.

विषाणूचें दुसरें बळ त्याच्या चुकांत आहे. आपल्या पाककृतीची नक्कल करतांना तो वारंवार चुकतो, आणि हजारों चुकांतून एखादी नेमकी त्याला औषधापासून वांचविते. अमँटाडीन हें इन्फ्लुएंझावरील जुनें औषध अमेरिकेंत १९६६ सालीं मान्य झालें होतें; २००५-०६ च्या हिंवाळ्यांत तेथील मुख्य जातीचे बहुतेक विषाणु त्याला दाद देईनासे झाले आणि तें बाजूस ठेवावें लागलें. एड्सच्या विषाणूनेंही एकेकट्या औषधाला असेंच चकविलें. १९९६ च्या सुमारास तीन औषधें एकत्र देण्याची रीत रूढ झाली, तेव्हां कोठें तो आटोक्यांत आला. तीन कुलपें एकाच वेळीं उघडणारी चूक सहसा होत नाहीं.

या तीन औषधांचा खर्च मात्र वर्षाला दहा हजार डॉलरहून अधिक होता, म्हणजे गरीब देशांतील रोग्यांना तीं असून नसल्यासारखींच. २००१ च्या फेब्रुवारींत मुंबईच्या सिप्ला कंपनीचे यूसुफ हमीद यांनीं असा तीन औषधांचा संच एका परोपकारी वैद्यकीय संस्थेला वर्षाला ३५० डॉलरांत देऊं केला, आणि आफ्रिकेंतील लाखों रोग्यांसाठीं वाट मोकळी होऊं लागली. शोध लागला म्हणजे कार्य संपलें असें नाहीं. औषध रोग्याच्या उशाशीं पोंचेपर्यंत तें अपुरेंच असतें.

आतां मूळ प्रश्न. औषध वेळेवर कां तयार नसतें? २००३ सालीं सार्स नांवाचा कोरोनाचाच एक भाऊबंद पसरला. त्याच्याजवळ प्रथिनांची लांब साखळी कापणारें एक अवजार होतें, आणि अमेरिकेंतील फायझर कंपनीच्या शास्त्रज्ञांनीं तें बोथट करणारा रेणु शोधून काढला होता. इतक्यांत सार्सची साथ ओसरली. रोगी उरले नाहींत, तेव्हां चाचणी कोणावर करावयाची? गिऱ्हाईक उरलें नाहीं, तेव्हां खर्च कोणीं सोसावयाचा? तें काम कपाटांत गेलें. २०२० सालीं तें पुन्हा बाहेर काढण्यांत आलें आणि त्याच धाग्यानें पुढें जाऊन पोटांत घेण्याजोगा नवा रेणु, निर्मट्रेल्व्हिर, रचण्यांत आला. धोका अधिक असलेल्या, लस न घेतलेल्या रोग्यांना तीन दिवसांच्या आंत तो दिला असतां रुग्णालयवास व मृत्यु यांचें प्रमाण ८९ टक्क्यांनीं घटलें. अमेरिकेंत त्याला परवानगी मिळाली ती डिसेंबर २०२१ मध्यें; मुंबई-पुण्यांतील कुटुंबांची ती वणवण तोंवर होऊन गेली होती. मधल्या सतरा वर्षांत तो धागा तुटला नसता, तर किती जीव वांचते, याचा हिशेब कोणासही मांडतां येणार नाहीं. परंतु काम थांबलें होतें तें बुद्धि अपुरी पडली म्हणून नव्हे. भय ओसरलें म्हणून.

याला उपाय नाहीं असें नाहीं. साथ कोणत्या विषाणूची येईल हें सांगतां येत नसलें, तरी ती कोणत्या घराण्याची येण्याचा संभव अधिक, हें पुष्कळसें ठाऊक आहे. एका घराण्यांतील विषाणूंचीं अवजारें बहुधा सारखीं असतात. त्या सामायिक अवजारांवर चालणारे रेणु शांततेच्या काळांतच शोधून, निरोगी माणसांवर त्यांची सुरक्षितता पारखून ते सिद्ध ठेवतां येतात. असा खर्च व्यापारी हिशेबांत बसत नाहीं. तो सरकारांनीं आणि समाजानेंच उचलावयाचा असतो, ज्याप्रमाणें आग लागण्यापूर्वीं गांव बंबाचा खर्च उचलतो.

कुटुंबांकडेही कांहीं कर्तव्य उरतेंच. पडशा-खोकल्यासाठीं जंतुनाशक गोळ्यांचा आग्रह डॉक्टरांपाशीं धरूं नये. विषाणूला त्यांची बाधा नाहीं, आणि जंतु मात्र त्यांना सरावतात. घरांतील वृद्ध, गर्भवती, मधुमेही किंवा दम्याचा रोगी साथीच्या दिवसांत तापला, तर चार दिवस वाट न पाहतां पहिल्याच दिवशीं डॉक्टरांस दाखवावें. डॉक्टरांनीं दिलेलें औषध सांगितलें तितके दिवस घ्यावें, आणि लस उपलब्ध असेल तेथें ती चुकवूं नये. याहून मोठें कर्तव्य स्मरणाचें आहे. साथ सरली म्हणजे ती विसरावी, हा मनाचा धर्मच आहे. पण लोहाराची भट्टी पेटती ठेवावयाची ती याच विसरण्याच्या दिवसांत.