चाकांवरचें बिऱ्हाड आणि दुसरी गाडी

ज्याचा पाय एका ठिकाणीं ठरत नाहीं, त्याच्याविषयीं आपण ‘विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर’ असें म्हणतों. अमेरिकेंत ही म्हण अक्षरशः खरी करून दाखविणारीं कुटुंबें पुष्कळ आहेत. निजावयाची खोली, चूल, न्हाणीघर, पाण्याची टांकी हें सर्व एका लांबट डब्यांत बसवावयाचें, त्याला चाकें लावावयाचीं, आणि तो डबा मोटारीच्या मागें जोडून रस्त्याला लागावयाचें, असा हा थाट असतो. या डब्याला ट्रेलर म्हणतात. कोणी उन्हाळ्याच्या सुटींत पंधरा दिवस हिंडतात. कोणी नोकरींतून निवृत्त होतांच राहतें घर विकून वर्षानुवर्षें त्यांतच संसार करतात. आपल्यांपैकीं अनेकांचीं मुलें आज त्या देशांत स्थायिक झालेलीं आहेत. त्यांच्याकडे गेलेल्या आईबापांना अशा प्रवासाचा योग कधीं तरी येणें अगदीं शक्य आहे.

या प्रवासी मंडळींत एक प्रश्न नेहमीं निघतो. ट्रेलर ओढावयास एक गाडी लागतेच. तिच्याशिवाय दुसरी एक मोटार बरोबर घ्यावी कीं घेऊं नये? म्हणजे पतीनें पुढें ट्रेलर ओढीत जावें आणि पत्नीनें आपली लहान मोटार हांकीत मागून यावें काय? प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. परंतु त्यांत पैसा आहे, श्रम आहेत, आणि प्रसंगीं जिवाशींही गांठ आहे. म्हणून आज त्याचा थोडा नीट विचार करूं.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. चाकांवरचीं घरें दोन जातींचीं असतात. एका जातींत घर आणि इंजिन एकाच सांगाड्यावर असतें. त्याला मोटारहोम म्हणतात. अशा घरानें एकदां तळ दिला, कीं पुढें दूध आणावयाचें झालें तरी सारें घर हालवावें लागतें. म्हणून हे लोक आपल्या घराच्या मागें एक लहान मोटार जोडून ओढीत नेतात, आणि तें योग्यच आहे. ट्रेलरची गोष्ट निराळी. येथें घर मागें असतें आणि इंजिन पुढें. मुक्कामावर पोंचून जोड सोडविला, कीं ओढणारी गाडी मोकळी झाली. म्हणजे ट्रेलरवाल्याजवळ तळावर एक मोटार आधींच हजर असते. ही साधी गोष्ट ज्यांच्या ध्यानांत येत नाहीं, ते मोटारहोमवाल्यांचें पाहून आपणही दुसऱ्या गाडीच्या मागें लागतात.

तथापि दुसऱ्या गाडीच्या बाजूनें बोलणारांचें म्हणणें ऐकून घेतलें पाहिजे. तें पोकळ नाहीं. ओढणारी गाडी बहुधा मोठा पिकअप ट्रक असतो. तो लांब, रुंद आणि इंधनाच्या बाबतींत खादाड. मोंटाना राज्यांतील ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानांत ‘गोइंग-टु-द-सन’ नांवाचा डोंगरी रस्ता १९३३ सालीं खुला झाला. त्याच्या अवघड भागांत २१ फुटांहून लांब किंवा ८ फुटांहून रुंद वाहन नेण्यास बंदी आहे, आणि हें माप आरशांसकट व बंपरांसकट धरतात. ट्रेलर तर तेथें जाऊंच शकत नाहीं. परंतु कांहीं मोठे ट्रकही या मापांत बसत नाहींत. अशा वेळीं लहान मोटार जवळ असली तर सोय होते, हें कबूल केलें पाहिजे. शिवाय दुसरी मोटार पुढें जाऊन पाहणी करूं शकते. पेट्रोलपंपाच्या आवारांत एवढें लांब लटांबर वळेल कीं नाहीं, तळाकडे जाणारा रस्ता कसा आहे, हें आधीं कळलें तर मागच्याचा त्रास वांचतो. आणि ट्रक वाटेंत बिघडला, तर माणसें निदान अडकून पडत नाहींत.

आतां दुसरी बाजू पाहूं. दोन हजार मैलांचा प्रवास धरा. लहान मोटार एका गॅलनला तीस मैल चालते असें मानलें, तरी तिला सुमारें ६७ गॅलन पेट्रोल लागेल. आणि हें ट्रकच्या खर्चावर अधिक. ट्रकला ट्रेलर ओढतांना नेहमींच्या जवळजवळ दुप्पट इंधन लागतें, तें तर चुकत नाहींच. अनेक मोठ्या राष्ट्रीय उद्यानांत प्रवेशमूल्य दर मोटारीमागें घेतात. कित्येक तळांवर ट्रेलरशेजारीं एकाच गाडीपुरती जागा असते. दुसरी दूर नेऊन ठेवावी लागते, नाहीं तर तिचे वेगळे पैसे द्यावे लागतात. तरीही खर्चाला मी मोठा दोष समजत नाहीं. ज्याला परवडतें त्यानें तो करावा.

याहून मोठा दोष श्रमांचा आहे. एका गाडींत दोघें असलीं म्हणजे एक हांकतो, आणि दुसरा नकाशा पाहतो, मागच्या वाहनांवर नजर ठेवतो, दोन शब्द बोलून हांकणाराला जागें ठेवतो. तो थकला तर दोघांनीं जागा बदलाव्या. दोन गाड्या झाल्या कीं दोघेही दिवसभर हांकणारे झाले, आणि विसांवा कोणालाच उरला नाहीं. त्यांत ट्रेलरची चाल मंद. कॅलिफोर्नियांत ट्रेलर ओढणाऱ्या वाहनाला ताशीं ५५ मैलांहून अधिक वेगानें जाण्यास कायद्यानें मनाई आहे. मागच्या मोटारीला हीच चाल धरावी लागते. न धरली तर चुकामूक ठरलेली. मधें दहा वाहनें शिरतात, एक दिव्याच्या अलीकडे राहतो, दुसरा पलीकडे जातो, आणि मग एकमेकांना शोधण्याच्या घाईंत अपघाताचें कारण उत्पन्न होतें. आणि असें पहा कीं, जीं दोन माणसें आयुष्यभराच्या दगदगीनंतर एकत्र हिंडावें म्हणून घराबाहेर पडलीं, त्यांनीं सारा दिवस दोन निरनिराळ्या कांचांमागें एकटें बसून काढावा, यांत प्रवासाचें सुख तें कोणतें?

कांहीं जण म्हणतात, दुसऱ्या गाडींत सामान पुष्कळ राहतें. हा मोह जुना आहे. १९५४ सालीं ‘द लाँग, लाँग ट्रेलर’ नांवाचा एक विनोदी बोलपट निघाला. त्यांत ल्युसिल बॉल या नटीनें एका नवविवाहितेचें काम केलें आहे. ही बाई जेथें जाईल तेथून आठवणीसाठीं दगड गोळा करून ट्रेलरांत भरते. नवरा ते टाकून द्यावयास सांगतो, ती लपवून ठेवते, आणि डोंगर चढतांना त्या ओझ्यानें दोघांचे प्राण कंठाशीं येतात. चित्रांत हंसूं येतें, पण त्यामागचें शास्त्र खरें आहे. साध्या ट्रेलरच्या एकंदर वजनाच्या सुमारें १० ते १५ टक्के भार पुढच्या जोडावर पडला पाहिजे. सहा हजार पौंडांचा ट्रेलर असेल तर हा भार सहाशें ते नऊशें पौंड. तो कमी पडला तर ट्रेलर डोलूं लागतो. अधिक झाला तर ओढणाऱ्या गाडीची मागची बाजू दबते. यावर उपाय सामान कमी घेणें व नीट मांडणें हा आहे. तें ठेवावयास आणखी एक मोटार घेणें हा नव्हे.

येथवर पाहिलें तर पारडें एका गाडीकडे झुकतें. परंतु दुसऱ्या गाडीचे पुरस्कर्ते आतां आपलें सर्वांत बळकट म्हणणें पुढें करतात, आणि तें हंसण्यावारी नेण्यासारखें नाहीं. टेक्सास राज्याच्या पश्चिम भागांत, रिओ ग्रँड नदीच्या कांठीं, १९४४ सालीं स्थापन झालेलें बिग बेंड नांवाचें राष्ट्रीय उद्यान आहे. तेथें नदीकांठच्या तळावर ट्रेलर उभा करतां येतो. मात्र चिसोस नांवाच्या डोंगरांतील खोऱ्याकडे जाणारा रस्ता इतका वांकडातिकडा व चढाचा आहे कीं, २० फुटांहून लांब ट्रेलर तेथें नेऊं नये अशी सूचना आहे. जवळचें रुग्णालय अल्पाइन गांवीं, म्हणजे शंभर मैलांच्या आसपास. दूरध्वनीचा संदेश उद्यानाच्या पुष्कळ भागांत पोंचत नाहीं. समजा, अशा ठिकाणीं साठी उलटलेलें एक जोडपें उतरलें आहे. रात्रीं पतीच्या छातींत कळ येते. ट्रक दाराशीं उभा आहे, किल्ली खुंटीला आहे. पण पत्नीनें तो ट्रक कधींच चालविलेला नाहीं. ती आपली लहान मोटार उत्तम चालविते, आणि ती मोटार घरीं आठशें मैलांवर राहिली आहे. म्हणून, हे लोक म्हणतात, दुसरी गाडी हवीच.

श्रोतेहो, हें संकट खरें आहे. परंतु यांत उणीव कशाची आहे, याचा बारकाईनें विचार करा. गाडीची उणीव नाहीं. ती दाराशीं उभी आहे. उणीव आहे ती दुसऱ्या चालकाची. ज्या ट्रकच्या जिवावर सारें बिऱ्हाड रानांत येऊन पडलें, तो चालविण्याची विद्या घरांतल्या एकाच माणसाच्या हातीं ठेवली, ही खरी चूक. आणि ती बहुधा पतीकडेच राहते. कारण ‘एवढें मोठें धूड तुला झेपावयाचें नाहीं’ असें एकदां म्हटलें गेलें, आणि तिनेंही तें मान्य करून टाकलें. दुसरी मोटार घेतल्यानें ही चूक दुरुस्त होत नाहीं. ती केवळ झांकली जाते. उद्यां त्या लहान मोटारीचेंच चाक बसलें तर पुन्हा तोच प्रसंग.

वास्तविक ट्रेलर सोडलेला ट्रक चालविणें हें लहान मोटार चालविण्याहून फारसें निराळें नाहीं. साधा परवाना त्याला पुरतो. निघण्यापूर्वीं चार-सहा रविवारीं सकाळीं एखाद्या मोकळ्या पटांगणांत पत्नीला तो चालवूं द्यावा. वळविणें, थांबविणें, मागें घेणें, आरशांचा उपयोग करणें हें अंगवळणीं पडूं द्यावें. मग रात्रींच्या काळोखांतही एकदां चालवूं द्यावा, कारण संकट दिवस पाहून येत नाहीं. नंतर जोड सोडविण्याचा क्रम तिनें स्वतःच्या हातानें करून पाहावा. प्रथम ट्रेलरच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावावे. जॅक खालीं सोडून भार त्यावर घ्यावा. जोडाची पकड मोकळी करावी. विजेची तार, सांखळ्या आणि आपत्कालीं ट्रेलरचा ब्रेक लावणारी दोरी काढावी. मग जॅकनें ट्रेलरचें तोंड गोळ्याच्या वर उचललें कीं ट्रक पुढें घ्यावा. सराव झाल्यावर या सर्वाला पंधरा-वीस मिनिटें पुरतात. एकाच रात्रीचा मुक्काम असला म्हणजे पहांटे लवकर निघतां यावें म्हणून पुष्कळ जण जोड सोडवीत नाहींत. निर्जन ठिकाणीं हा आळस करूं नये. किल्लीची जागा ठरलेली असावी, आणि तळाचा क्रमांक व जवळच्या रुग्णालयाचा रस्ता कागदावर लिहून दाराजवळ लावावा.

ट्रकच बिघडला तर? या बाबतींत दुसऱ्या गाडीचा उपयोग मी नाकारीत नाहीं. परंतु रस्त्यावर मदत करणाऱ्या ज्या संस्थांचें सभासदत्व तेथें घेतात, त्यांत ट्रेलर ओढून नेण्याचाही समावेश आहे कीं नाहीं, हें निघण्यापूर्वीं विचारून घ्यावें. कित्येक ठिकाणीं तो साध्या वर्गणींत नसतो.

मग दुसरी गाडी कधींच घेऊं नये काय? असें मी म्हणणार नाहीं. उत्तरेकडच्या बर्फाला कंटाळून हजारों वृद्ध माणसें हिवाळ्याचे तीन-चार महिने ॲरिझोना, टेक्सास किंवा फ्लॉरिडांत एकाच तळावर काढतात. कित्येक जोडपीं एखाद्या उद्यानांत सबंध हंगाम काम करतात. एक सकाळीं कामावर जातो, दुसऱ्याला बाजारहाट असतो. ट्रेलरांतूनच नोकरी करणारीं तरुण माणसें असतात, तान्हीं मुलें घेऊन निघालेलीं असतात. जेथें दोन माणसांचे दिवस दोन दिशांना जातात, तेथें दुसरी गाडी ही चैन नव्हे. एका मोठ्या मजलीचे श्रम सोसावे आणि पुढें चार महिने सुखानें राहावें. हा व्यवहार तोट्याचा नाहीं. अशा वेळीं दोघांनीं बिनतारी बोलण्याचीं साधनें जवळ ठेवावीं, पुढें कोठें थांबावयाचें तें आधींच ठरवावें, आणि एकमेकांची पाठ धरण्याचा हट्ट सोडून द्यावा.

मजल दरमजल करीत जाणारा प्रवासी आणि मुक्काम करून राहणारा प्रवासी यांची गरज एक नाहीं. म्हणून निघण्यापूर्वीं एक कागद घ्यावा. रस्त्यावरचे दिवस किती आणि एका जागीं राहण्याचे किती, हें त्यावर मांडावें. मुक्काम मोठा आणि दोघांचे उद्योग निराळे असले, तर दुसरी गाडी खुशाल घ्यावी. मजलीच अधिक असल्या तर ती घरीं ठेवावी. परंतु यांपैकीं कोणताही निर्णय झाला, तरी ट्रकची दुसरी किल्ली पत्नीच्या हातीं द्यावी, आणि ती चालविण्याइतका सराव तिला आधीं करूं द्यावा. तेवढें झाल्यावांचून रानाची वाट धरूं नये.