पऱ्हाटीची माती
(आकाशवाणीवरील भाषण)

कापसाची शेवटची वेचणी आटोपली, म्हणजे आपल्या वाशीम जिल्ह्यात, विशेषतः कारंजा आणि मानोरा तालुक्यांच्या शिवारात, सायंकाळी धुऱ्याधुऱ्यावर ज्या आगी दिसू लागतात, त्या पाहून जिवाची जी तगमग होते, तीच आज आपल्यापुढे मांडावयाची आहे. बोंडअळीचा उच्छेद व्हावा म्हणून पऱ्हाटी शेतात उभी ठेवू नये, ही ताकीद रास्तच आहे. परंतु शेताबाहेर काढणे म्हणजे काडी लावणे नव्हे. ही पऱ्हाटी विजेच्या एका नव्या घटाच्या कामी येऊ शकेल.

सोडियम-आयन विद्युत्‌घटाचे नाव आपण ऐकले असेल. पुण्याच्या केपीआयटी कंपनीने २०२३ च्या डिसेंबरात आपले तंत्र जाहीर केले. सोडियम आपल्याला परके नाही. रिसोडच्या पलीकडे लोणारच्या सरोवरातून पूर्वी जो खार काढीत, तो सोडियमचाच. अडचण आहे ती घटाच्या ऋण बाजूस लागणाऱ्या कर्बाची. लिथियमला मानवणाऱ्या ग्रॅफाइटात सोडियमला थारा मिळत नाही.

असे पाहा. ग्रॅफाइट म्हणजे निगुतीने रचलेली कडब्याची गंजी. पेंढीला पेंढी अशी भिडलेली, की आत बोट शिरू नये. उलट धुऱ्यावर टाकलेला पऱ्हाट्यांचा ढीग आठवा. काड्या आडव्यातिडव्या, एकीवर दुसरी धड बसत नाही, आणि म्हणूनच पाखरे फटींतून आत शिरतात व पोकळीत निवारा धरतात. सोडियमला लागणारा कर्ब, ज्याला कठीण कर्ब (हार्ड कार्बन) म्हणतात, तो या ढिगासारखा. घट भरताना सोडियमची पाखरे आत, वापरताना बाहेर. स्टीव्हन्स आणि डान या संशोधकांनी २००० साली ग्लुकोजपासून असा कर्ब करून त्यात सोडियम साठविता येते हे दाखविले. पुढे नारळाच्या करवंटीपासूनही तो होऊ लागला. मग आपल्या पऱ्हाटीपासून का होऊ नये? हवा लागू न देता हजार ते चौदाशे अंशांपर्यंत तापविले, तरी या ढिगाची गंजी होत नाही, ही त्याची थोरवी.

आता माझा मुख्य मुद्दा: माती. ढिगात माती साचली की फटी बुजतात. घटातही तेच होते. पोटॅश, चुना, वाळूचे द्रव्य अशी राख झाडाच्या अंगी मुळातच थोडीबहुत असते व ती आम्लाने धुऊन काढावी लागते. तीत आपण शेतातील गाळमातीची भर घातली, तर धुण्याचा खर्च वाढतो, आणि पहिल्याच भरणीत आत गेलेली काही पाखरे जी एरवीही परत येत नाहीत, त्यांची संख्या आणखी वाढते. मी पुनः सांगतो, कारण ऐकताना ही बाब क्षुल्लक वाटते: मालाची प्रत भट्टीत ठरण्याआधी शेतात ठरते. चिमट्याने पऱ्हाटी उपटाल, तेव्हा मुळे तिथेच झटका. नाही तर मुळाकडचा भाग तोडून वेगळा ठेवा. ट्रॅक्टरने ओढीत नेऊ नका. तुराट्या निराळ्या, पऱ्हाट्या निराळ्या. सोयाबीनचे कुटार तर यात मुळीच मिसळू नका; ते गुरांचे आहे, गुरांनाच राहू द्या.

पऱ्हाटीपासून फळ्या करण्याचे तंत्र मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने सिद्ध केलेच आहे. म्हणजे गोळा केलेल्या काडीला गिऱ्हाईक असू शकते. प्रश्न राहतो वाहतुकीचा. काडी हलकी, जागा फार खाते, गाडी भरली तरी वजन भरत नाही. यास्तव तालुक्याच्या ठिकाणी तुकडे करून गठ्ठे बांधण्याची तजवीज हवी, आणि त्याचा जमाखर्च कोणी मांडावा, हे सविस्तर सांगावयाचे होते. पण वेळ संपल्याचा समोरचा दिवा लागला आहे. तेवढी मुळाची माती मात्र झटका.