दाणा, पाणी आणि परडं
(कडोली येथे गणेशोत्सवातील कार्यक्रमात केलेले भाषण)



गणपती गेले की पितृपक्ष येतो. एरवी ज्या कावळ्याला आपण हाकलतो, त्याचीच तेव्हा पान वाढून वाट बघतो. लेकराला भरवतानाही एक घास चिऊचा आणि एक काऊचा असतो. पाखरांना खाऊ घालणे आपल्याला कुणी शिकवायला नको. म्हणून आज आम्ही 'पाखरांना दाणे टाका' असे सांगायला उभे नाही. काय द्यावे, किती द्यावे आणि दाण्यापेक्षाही मोलाचे काय, एवढेच बोलणार आहोत.

पूर्वी आपल्याकडे पाखरांसाठी मुद्दाम भांडे टांगणारी घरे थोडी. तरी चिमण्या घरात होत्या. कौलांखाली, वाशांच्या सांदीत, देवादिकांच्या तसबिरीमागे त्यांची घरटी असत. खळ्यावर मळणी व्हायची, सोप्यात बायका सुपाने पाखडायच्या, अंगणात कण्या सांडायच्या. परड्यात शेणखताचा उकिरडा, त्यात किडे. न्हाणीचे पाणी अळूच्या, केळीच्या बुडाला. पाखरे आपल्या दानावर कमी आणि सांडलवंडीवर जास्त जगत होती.

आता कौले जाऊन स्लॅब आला. त्यात सोय आहे, पावसाळ्यात गळत नाही. त्याबद्दल कुणाला दोष नाही. पण स्लॅबला सांदी नसते. तांदूळ निवडलेला, पिशवीतून येतो. अंगणाला फरशी झाली, कुंपणाच्या जागी भिंत आली. चिमणीची राहण्याची आणि खाण्याची सोय एकाच वेळी गेली.

'चिमण्या मोबाइलच्या टॉवरने गेल्या' असे सर्रास म्हणतात. त्याला ठोस पुरावा मिळालेला नाही. भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. हजारो हौशी पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवरून त्यात असे दिसले, की देशाचा एकत्र विचार केला तर पंचवीस वर्षांत चिमणी बरीचशी टिकून आहे. मोठ्या शहरांत मात्र ती घटली आहे. म्हणजे आपल्यासारख्या गावांच्या हातात अजून पुष्कळ काही आहे.

आता दाण्याचे. मोठी चिमणी दाणे खाते, पण तिच्या कोवळ्या पिल्लाला दाणा पचत नाही. त्याला अळ्या आणि किडे लागतात. पिल्लू जेमतेम दोन आठवडे घरट्यात असते आणि तेवढ्या दिवसांत नर-मादी सारख्या खेपा घालून चोचीतून अळ्या आणतात. परड्यात अळीच नसेल, तर ताटभर तांदूळ ठेवूनही पिल्लू जगणार नाही. त्यामुळे झाडाच्या चार पानांना भोके पडलेली दिसली की लगेच फवारणीचा पंप काढू नये. ती भोके म्हणजे कुणाचे तरी जेवण आहे.

दाणे ठेवायचेच असतील तर बाजरी, राळे, तांदळाच्या कण्या, शाळूची चुरी असे मूठभर ठेवावे आणि सकाळी ठेवलेले दुपारपर्यंत संपेल इतकेच ठेवावे. नवे भात आले की लोंब्यांची जुडी दारात टांगावी. चिमणी तिला लोंबकळून दाणा सोलते, ते बघण्यासारखे असते. फरसाण, शेव, खारवलेले, तळलेले, बुरशी आलेली भाकरी नको. गणपतीचा उरलेला प्रसादसुद्धा पाखरांपुढे नको. तेल, मीठ आणि साखर त्यांच्या पोटासाठी नाहीत.

जास्त दाण्याने काय होते, त्याची दोन उदाहरणे देतो. ब्रिटनमध्ये घरोघरी बागेत दाण्याची भांडी टांगायची मोठी हौस आहे. २००५ पासून तिथे ग्रीनफिंच या चिमणीएवढ्या पक्ष्यात घशाचा एक रोग पसरला. आजारी पक्ष्याच्या लाळेने ओला झालेला दाणा आणि तेच पाणी दुसऱ्याच्या पोटात गेले. संख्या इतकी घसरली की २०२१ मध्ये हा पक्षी तिथल्या लाल यादीत गेला. प्रेमाने ठेवलेले पण न धुतलेले भांडेच रोगाचे ठिकाण झाले.

दुसरे आपल्याकडचे. २०२५ मध्ये मुंबईत दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला, त्यावरून आंदोलन झाले; प्रकरण उच्च न्यायालयातही होते. पारव्यांच्या विष्ठेची आणि पिसांची धूळ सतत श्वासात गेली तर फुफ्फुसाचा आजार होऊ शकतो. पोत्याने दाणे ओतले की पारवे येतात, बारमाही वाढतात. लहान पाखरांना तिथे जागा उरत नाही. भूतदया खरीच, पण तिला माप हवे.

पाण्याला मात्र तेवढी भीती नाही. मातीची पसरट परात घ्यावी, पाणी दोन इंचांहून खोल नको, मध्ये एक खडबडीत दगड ठेवावा. पाणी रोज बदलावे आणि परात घासावी. साचलेल्या पाण्यात आठवडाभरात डास तयार होतो. परात झुडपाजवळ असावी, पण मांजराला दबा धरता येईल इतकी खेटून नको. दाण्याला न येणारी पाखरेही पाण्याला येतात. बुलबुल येतो, दयाळ येतो, सातभाई तर अख्खे कुटुंब घेऊन भांडत येतात.

आणि झाडे. बाप्पाच्या फुलांसाठी जास्वंद आपण लावतोच. तिच्यावर शिंजीर मध प्यायला येतो. कढीपत्त्याला काळी फळे धरली की बुलबुल आणि कोकिळा सोडत नाहीत. उंबर असला तर तांबटाची टुकटुक दिवसभर. रुंद पानाचे झुडूप असले तर शिंपी पाने शिवून घरटे करतो. चिमणीसाठी लाकडी पेटी लावायची तर भोक सव्वा इंचाचे ठेवावे, पेटी दहा-बारा फुटांवर सावलीत बांधावी. त्याहून मोठ्या भोकातून साळुंकी शिरते.

आपण शेतकरी माणसे. शाळूच्या शेतात गोफण आणि परड्यात पाण्याची परात, हे विसंगत वाटेल. आम्हाला तसे वाटत नाही. पीक राखणे हा आपला हक्क आहे. पण नांगरामागे साळुंक्या आणि बगळे हुमणी वेचतात, तारेवरचा कोतवाल दिवसभर किडे मारतो, रात्री घुबड उंदीर धरते. म्हणून औषध लावलेले उरलेले बी बांधावर फेकू नये आणि विष खाऊन मेलेला उंदीर उघड्यावर टाकू नये. तो खाऊन घुबडही मरते.

शेवटी, बघण्याविषयी. त्याला दुर्बीण लागत नाही. दहा मिनिटे गप्प बसायचे आणि वहीत तारीख, पक्षी, संख्या लिहायची. सध्या विहिरीवर सुगरणीची घरटी झुलत असतील; याच सुमारास उत्तरेकडून धोबी पक्षी शेपटी हलवत येऊ लागतात. मारुती चितमपल्ली यांनी रानातल्या माणसांकडून पक्ष्यांची नावे गोळा केली आणि 'पक्षिकोश' मराठीला दिला. आपणही घरातल्या आजी-आजोबांना विचारून गावातली नावे लिहून ठेवू या. शेजारचे कन्नड भाषक चिमणीला 'गुब्बच्ची' म्हणतात, तेही लिहू या. महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल आणि कर्नाटकाचा नीलपंख, म्हणजे दसऱ्याला आपण ज्याचे दर्शन शुभ मानतो तो. दोघेही आपल्या भागात दिसतात आणि सीमेचा दगड कुठे आहे ते कुणी विचारत नाही.

आमची विनंती एवढीच, की परड्याचा एक कोपरा फरशीवाचून राहू द्यावा. तिथे माती, एक झुडूप आणि पाण्याची परात. वर्षभर मुलांनी तिथली नोंद ठेवावी आणि पुढच्या गणेशोत्सवात ती वही याच व्यासपीठावर वाचून दाखवावी.

गणपती बाप्पा मोरया!