जोतं भरण्याआधी

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



आपल्या पिंगळी गावाला बारव आहे. वैशाखातल्या भर दुपारी तिच्या पायऱ्या उतरून पाहा. वर अंग भाजून निघतं आणि थोडं खाली गेलं की हवा बदलते. हा गारवा पाण्याचा, सावलीचा आणि चहूबाजूंच्या जमिनीचाही. बारव ही सार्वजनिक वास्तूच. आज आपण शाळा, आरोग्य केंद्र, ग्रामपंचायत नव्यानं बांधतो, तेव्हा पायाखालच्या जमिनीला मात्र कामाला लावत नाही. ते कसं करता येईल, एवढंच आज सांगायचं आहे.

भूऔष्णिक ऊर्जा म्हटलं की आपल्याला किनवटकडचं उनकेश्वर आठवतं, तिथलं गरम पाण्याचं कुंड आठवतं. ती उष्णता पृथ्वीच्या पोटातली. मी बोलतो आहे ते मुख्यतः वरच्या तीन-चार मीटरांबद्दल.

आपल्या परभणीचं हवामान टोकाचं. मे महिन्यात पारा 44 अंशांवर जातो, आणि डिसेंबर 2018 मध्ये कृषी विद्यापीठात तो 3 अंशांपर्यंत उतरला होता. जमिनीच्या आत इतके चढउतार नसतात. दिवसाचं ऊन हात-दोन हात खोलीवरच विरतं. उन्हाळ्याची धग तीन-चार मीटर खाली पोचेपर्यंत वर पावसाळा लागलेला असतो. म्हणून तिथे वर्षभराच्या सरासरीजवळचं तापमान टिकून राहतं. आपल्याकडे ते 26 ते 29 अंशांच्या आसपास धरायला हरकत नाही.

याचा उपयोग करण्याची साधी रीत म्हणजे जमिनीखालून हवेचा नळ. बाहेरची हवा पंख्यानं त्यात ओढायची. जाता जाता ती आपली उष्णता मातीला देते आणि खोलीत गार होऊन येते. हिवाळ्यात पहाटे हाच नळ ऊब देतो. अहमदाबादच्या आयआयएममधले गिरिजा शरण यांनी 3 मीटर खोल, 50 मीटर लांब नळावर याची मोजणी केली. मे महिन्यात 40 अंशांवरची हवा 14 अंशांनी उतरली. गुडगावजवळ ग्वाल पहाडीला टेरी संस्थेच्या प्रशिक्षण केंद्रात 4 मीटर खोलीवर 70 मीटर लांबीचे चार बोगदे आहेत.

दुसरी रीत बोअरची. शंभरेक मीटर बोअरमध्ये प्लास्टिकच्या नळीचा वेढा सोडायचा, त्यात पाणी फिरवायचं आणि वर उष्णता-पंप बसवायचा. पाणी बंद नळीत फिरत असल्यानं बोअरला पाणी लागलंच पाहिजे असं नाही. एका बोअरवर ढोबळमानानं दीड टनाच्या एसीइतकं काम होतं. पण आपला उन्हाळा लांब आणि थंडी थोडी. दरवर्षी खडकात उष्णता ओतत राहिलो आणि परत घेतली नाही, तर खडकच तापत जाईल. म्हणून ही रीत मोठ्या रुग्णालयाला, तीही नीट हिशेब करून. गावच्या इमारतीला हवेचा नळ पुरे.

त्यालाही पथ्यं आहेत. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि नळापासून सुटते. मग उष्णता मातीत जायची कशी? म्हणून नळ काळीच्या खाली, मुरमात घालायचा आणि भोवतीचा भराव ठोकून घट्ट करायचा. पावसाळ्यात दमट हवेतलं पाणी नळात साचतं. त्याला उतार आणि शेवटी उपसायची कुंडी हवी. सांधे पाणबंद हवेत, तोंडाला उंदीर-सापांसाठी जाळी हवी. आणि अपेक्षाही बेताची हवी: नळातून 29-30 अंशांची हवा येईल. डोक्यावर पंखा असला की वर्गातल्या मुलाला, रांगेत बसलेल्या बाळंतिणीला ती पुरते. लशीच्या खोलीला यंत्रच लागेल. छपराला सावली आणि चुन्याचा पांढरा हात आधी, नळ त्यानंतर.

हे सगळं जोतं भरण्याआधी ठरवावं लागतं. पायाच्या वेळी जेसीबी दारात उभाच असतो. तेव्हा एक चर जास्त खणणं सोपं. फरशी बसल्यावर तीच गोष्ट कुणी करत नाही. म्हणून नव्या इमारतीचं अंदाजपत्रक ग्रामसभेपुढे येईल, तेव्हा हा प्रश्न विचारा.

आणि त्याआधी एक काम शाळेकडे द्या. आवारात सावलीला तीन मीटरचं भोक पाडून, बुडाशी बंद असलेला पाइप उभा पुरा, वरून झाकण लावा. दोरीला तापमापक बांधून मुलांनी दर सोमवारी तो आत सोडावा, बऱ्याच वेळानं झटकन वर काढून आकडा वहीत लिहावा. पुढच्या वैशाखापर्यंत पिंगळीच्या मातीचा हिशेब पिंगळीच्या मुलांच्या अक्षरात तयार असेल, आणि अभियंत्यापुढे आपण ती वही ठेवू शकू.