ऊस आपला, कोयता त्यांचा

(ऊसपट्ट्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेले भाषण)



अन्यायाविरुद्ध बोलण्याची आपल्याला सवय आहे. भांडवलदार, सावकार, सत्ताधारी यांच्याविरुद्ध आपण ठराव करतो, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या अन्यायात आपला स्वतःचा हात गुंतलेला आहे, त्याविषयी आपल्या शिबिरांतून क्वचितच बोलले जाते. आज मी त्याविषयी बोलणार आहे, आणि सुरुवात माझ्यापासून करणार आहे.

माझा तीन एकर ऊस आहे. दर हंगामात बीडकडची टोळी येऊन तो तोडते. गेल्या हंगामात त्या टोळीत एक गरोदर बाई होती. सातवा महिना असावा. ती वाकून ऊस तोडत होती, मोळ्या बांधून डोक्यावरून ट्रॉलीकडे नेत होती. मी बांधावरून मुकादमाला ‘लवकर आटपा, वजन घटते’ असे बजावले आणि समतेवरच्या एका परिसंवादाला निघून गेलो. शेताला लागूनच माझ्या घरचे शौचालय आहे. ते टोळीतल्या बायांना वापरू द्यावे, एवढी साधी गोष्ट मला इतक्या वर्षांत सुचली नाही. मी दुष्ट माणूस आहे असे मला वाटत नाही. म्हणूनच हे सांगावेसे वाटते.

या व्यवहाराची रीत आपण सारे जाणतो. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. उचल नवऱ्याच्या हाती पडते. बाईच्या श्रमाची वेगळी नोंद नसते. उचल फिटली नाही तर ती पुढच्या हंगामाच्या बोकांडी बसते. आजारपणाने काम चुकले तर खाडा धरून पैसे कापले जातात. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा 1976 साली झाला. आपल्या फडापर्यंत तो अद्याप पोहोचलेला नाही.

2019 साली बीड जिल्ह्यातील गर्भाशय काढलेल्या स्त्रियांची बातमी देशभर गाजली. शासकीय समितीच्या पाहणीत सुमारे 82 हजार ऊसतोड स्त्रियांपैकी 13 हजारांहून अधिक जणींवर ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. आपण डॉक्टरांना दोष दिला. पण पाळीच्या दिवसांतही जिथे पाणी नाही, आडोसा नाही आणि विश्रांतीला दंड आहे, तो फड डॉक्टरांचा नव्हता. तो आपला होता.

‘कारखाना जबाबदार आहे’ असे आपण म्हणतो. परंतु सहकारी कारखान्याचा मालक कोण? प्रवरानगरला 1950 साली जे घडले त्याचे मोल हेच, की शेतकरी स्वतः मालक झाला. मालकीचा अभिमान आपण मिरवतो, मग मालकाची जबाबदारी कोणाची? शिवाय तोडणी-वाहतुकीचा खर्च आपल्याच उसाच्या बिलातून वजा होतो. 2024 च्या जानेवारीत तोडणीचा दर टनाला 273 वरून 366 रुपये झाला, तेव्हा आपल्यापैकी किती जणांना आनंद झाला? खरे सांगायचे तर मी प्रथम माझे बिल किती घटेल याचा हिशेब केला.

कोणी म्हणेल, शेतकरी स्वतःच भरडला जात आहे. एफआरपी वेळेवर मिळत नाही, वर टोळीला खुशाली द्यावी लागते. हे सर्व खरे आहे. पण आपण नाडले जातो म्हणून दुसऱ्याला नाडण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही. दोघांचे भांडण एकाच बिलावर लावून दिले जाते, आणि कारखान्याचा उधळा कारभार नामानिराळा राहतो, हे आपण ओळखले पाहिजे.

पश्चात्ताप करून घरी जाण्यासाठी मी हे बोललो नाही. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत आपण सभासद म्हणून उभे राहू या. नवरा आणि बायको यांची नोंद व मजुरी स्वतंत्र हवी. कोप्यांवर पाणी, शौचालय आणि पाळणाघर हवे. बाळंतपण व आजारपणाचा खाडा बंद हवा. त्याचा भार आधी कारखान्याच्या उधळपट्टीतून निघावा. पण काही वाटा आपल्या बिलावर पडला, तर तोही आपण उचलला पाहिजे. सभेत आपल्याला टाळ्या मिळणार नाहीत, शेजारचा बांधवाला कदाचित बोलणेही सोडील.

आणि सभेची वाट न पाहता करता येण्याजोगे एक काम आहे. यंदा फडात टोळी येईल तेव्हा शौचालयाची किल्ली आपण होऊन तिथल्या बायांच्या हाती द्यावी. माझ्या घरापासून मी ते सुरू करीत आहे.