आश्विनातला पाऊस आणि पहिले हिम

(भनपुरी, रायपूर येथे मराठी वाचकांसमोर केलेले भाषण)



हवामानशास्त्रावरील एका पुस्तकाचा मी केलेला अनुवाद आता आपल्या हाती येत आहे, आणि त्या निमित्ताने मी काही बोलावे असा आपला आग्रह आहे. शास्त्र मी शिकलेली नाही. मराठी विषय घेऊन एम. ए. झालेली बाई वाऱ्यापावसाविषयी काय सांगणार, असे कोणाच्या मनात आले तर त्यात गैर काहीच नाही. मात्र अनुवाद करीत असता शब्दांनी मला जेथे जेथे अडवले, तेथेच विषयाचे मर्म दडलेले होते, असे मला वारंवार आढळून आले. त्याविषयीच बोलावे म्हणते.

आपण भनपुरीची मंडळी दोन भाषांच्या बांधावर राहता. हिंदी वृत्तपत्रात ‘बदली’ छाई रहेगी असे वाचले की नोकरदार मराठी माणसाचे काळीज क्षणभर उगाच धडधडते. ‘ओले’ पडणार म्हटले की आपल्याला भिजलेले कपडे आठवतात; पडणार असतात गारा. आणि मैनपाटला किंवा चिल्पीच्या घाटात ‘पाला’ पडला ही बातमी नागपूरकडच्या पाहुण्याला सांगितली, तर पानगळ सुरू झाली एवढाच तो अर्थ घेईल. वास्तविक तेथे थंडीच्या रात्री गवतावरचे दव गोठलेले असते.

या गोठलेल्या दवाने मला बरेच छळले. आकाशातून भुरभुरणारे मऊ हिम आणि सरबतात घालायचा टणक बर्फ, या दोहोंना आपण एकाच शब्दात उरकतो. महाबळेश्वरी वेण्णा तलावाच्या काठी दव गोठले की ‘बर्फ पडला’ असे आपण खुशाल म्हणतो. पण तेथे वरून काहीही पडलेले नसते. रात्र निरभ्र आणि वारा शांत असला की जमीन आपली उष्णता झपाट्याने गमावते, तिला लागून असलेली हवा गारठते आणि गवताच्या पात्यावरच तो शुभ्र थर धरतो. त्या रात्री आकाश ढगाळलेले असते तर तो धरला नसता. हिमवृष्टीचे याच्या अगदी उलट. तिला ढग लागतो. म्हणून पुस्तकात मी आकाशातून येते ते ‘हिम’ आणि भुईवर धरते ते ‘गोठलेले दव’ असा भेद शेवटपर्यंत पाळला आहे. काही वाचकांना तो कर्मठपणा वाटेल, वाटू द्या.

आता आपल्या डोक्यावरून गेलेल्या एका वादळाची गोष्ट सांगते. १२ ऑक्टोबर २०१४ रोजी ‘हुदहुद’ हे चक्रीवादळ विशाखापट्टणमजवळ किनाऱ्याला धडकले. हुदहुद म्हणजे डोक्यावर तुरा मिरवणारा एक पक्षी. हे नाव ओमानने सुचवले होते. किनाऱ्याबाबतचा अंदाज चांगला उतरला होता आणि लक्षावधी लोकांना आधीच हलवण्यात आले होते. जमिनीवर आल्यावर वादळाचा जोर ओसरला. १३ तारखेला त्याचे अवशेष आपल्या छत्तीसगडावरून पाऊस पाडीत उत्तरेकडे सरकले आणि दुसऱ्या दिवशी पूर्व उत्तर प्रदेशात पोचले. तोवर वृत्तपत्रांच्या दृष्टीने वादळ संपले होते. परंतु त्याने समुद्रावरून वाहून आणलेली वाफ संपलेली नव्हती. पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्यांच्या एका द्रोणीने ती ओढून घेतली, हिमालयाच्या भिंतीवर चढवली, आणि १४ ऑक्टोबरला नेपाळात अन्नपूर्णेच्या परिसरात दाट हिमवृष्टी झाली. ५,४१६ मीटर उंचीच्या थोरोंग ला या खिंडीच्या वाटेवर त्या दिवशी गिर्यारोहक, भारवाहक आणि गुराखी होते. किमान ४३ माणसे मृत्युमुखी पडली. गिर्यारोहणाला ऑक्टोबरसारखा निर्मळ महिना नाही, असा लौकिक असलेला हा महिना! येणाऱ्या हिमाची वार्ता, त्यांना माघारी फिरता येईल अशा वेळी आणि अशा शब्दांत, त्या वाटसरूंपर्यंत पोचली नाही.

हे प्रकरण वाचताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आणि मी लेखणी खाली ठेवली. ऑक्टोबरात मध्य भारतावर सुमारे पाच किलोमीटर उंचीवर हवा गोठणबिंदूला पोचते. थोरोंग ला खिंड साधारण त्याच उंचीची. म्हणजे रायपुरावर जो उंच ढग दाटतो, त्याच्या वरच्या भागात हिमाचे स्फटिकच असतात. ते खाली येता येता वितळतात आणि आपण त्यांना पाऊस म्हणतो. तेथे जमीनच त्या उंचीला जाऊन भिडली होती. वितळायला वाटच उरली नव्हती.

हिमाचा आणि आपल्या शेताचा संबंध आणखीही एका बाजूने जोडला गेला आहे. १८७५ साली भारतीय हवामान खाते स्थापन झाले. त्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८४ साली असे मांडले की, हिमालयात हिम अधिक पडले तर पुढचा मोसमी पाऊस उणा पडतो. त्या आधारे ४ जून १८८६ पासून मोसमी पावसाचे अंदाज नियमाने प्रसिद्ध होऊ लागले. हा संबंध पुढच्या काळात तितकासा भरवशाचा राहिला नाही, पण प्रारंभ हिमापासून झाला हे खरे.

‘अंदाज’ हा शब्द मी का ठेवला, ‘भाकित’ का नाही, असे मला विचारण्यात आले. भाकित म्हटले की सहदेव-भाडळी आठवतात, आणि चुकले की चेष्टा होते. अंदाज आपली मर्यादा स्वतःच सांगतो. पण अंदाजाची भाषा किती काटेकोर असते, हे मला पुस्तकाने नव्हे, माझ्या मामांनी शिकवले. ते गोंदियाकडे धान पिकवतात. खर्ड्यातले एक पान त्यांना वाचून दाखवत होते. त्यात मी लिहिले होते, ‘तुरळक जोरदार पाऊस’. मामांनी मला थांबवले. “अगं, पाऊस तुरळक तरी असेल, नाहीतर जोरदार तरी. दोन्ही कसा?”

मूळ खुणेचा अर्थ मी पुन्हा तपासला. विभागात पावसाची नोंद घेणारी जी केंद्रे असतात, त्यांपैकी फार तर चौथाई केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर ‘तुरळक ठिकाणी’ म्हणायचे. त्याहून अधिक, निम्म्यापर्यंत असेल तर ‘काही ठिकाणी’, मग ‘बऱ्याच ठिकाणी’, आणि शेवटी ‘बहुतांश ठिकाणी’. हे सारे शब्द जागा मोजतात, पावसाचा जोर मोजत नाहीत. जोराचे माप वेगळे. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक झाला तर तो जोरदार.

मामा काही वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “म्हणजे आमच्या वेळी असंच झालं होतं तर.” काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुमारास त्यांनी धान कापून शेतात कडपा पसरल्या होत्या. (आपण येथे ज्याला ‘करपा’ म्हणता तेच, शब्दाला सीमा ओलांडताना एका अक्षरापुरतीच जकात पडली.) एका वृत्तपत्रात त्यांनी ‘तुरळक पाऊस’ एवढेच वाचले. चार थेंबांनी काय होते, म्हणून त्यांनी कडपा गोळा करून पुंजणे घातले नाही. रात्रभर पाऊस कोसळला. शेजारच्या गावी एक थेंब नव्हता. मामांचे शेत त्या चौथाईत सापडले होते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ओल्या लोंब्यांना कोंब फुटू लागले, आणि असे धान कोण घेणार?

ते पान मी त्या रात्रीच पुन्हा लिहून काढले. पुढे मुद्रिते आली तेव्हा, ‘तुरळक ठिकाणी जोरदार पाऊस’ यातला ‘ठिकाणी’ हा शब्द अनावश्यक समजून कोणीतरी तांबड्या शाईने खोडला होता. तो मी परत घातला आहे.