जुनी आवृत्ती, नवी आवृत्ती

संगणकाला काम सांगण्याच्या ज्या भाषा आहेत, त्यांत पायथन ही एक लोकप्रिय भाषा. गिदो व्हान रॉसम यांनी ती १९९१ मध्ये लोकांपुढे ठेवली. डिसेंबर २००८ मध्ये तिची तिसरी आवृत्ती आली आणि दुसरीशी तिचे सगळेच जुळेना. सातला दोनने भागा म्हटले, तर दुसरी ३ सांगते, तिसरी ३.५. जुना प्रोग्राम नव्या आवृत्तीत बंद पडला, तर निदान कळते तरी. तो चालू राहून वेगळेच उत्तर देऊ लागला, तर मात्र पंचाईत!

मी कविता लिहिणारा, त्यामुळे माझे लक्ष गेले ते अक्षरांकडे. युनिकोडमध्ये टाइप केलेल्या 'कविता' या शब्दाची लांबी विचारा. दुसरी आवृत्ती एरवी बाइट मोजते आणि १५ सांगते. तिसरी क, व, वेलांटी, त, काना अशी ५ चिन्हे मोजते. कवीच्या लेखी अक्षरे तीनच! अष्टाक्षरीच्या ओळी तपासणारा एखादा प्रोग्राम जुन्या मोजणीवर बेतलेला असेल, तर नव्या आवृत्तीत तो चुकणारच. एखाद्या ग्रंथालयात असा प्रोग्राम वर्षानुवर्षे चालू असतो आणि लिहिणारा केव्हाच निघून गेलेला असतो.

यावर उपाय म्हणजे दोन्ही आवृत्त्या एकाच संगणकावर, वेगवेगळ्या फोल्डरमध्ये ठेवणे. 'पायथन२' आणि 'पायथन३' अशा नावांनी त्यांना हाक मारता येते. नुसते 'पायथन' म्हटले, तर ओ कोण देईल, हे त्या संगणकावरच्या मांडणीवर ठरते. म्हणून पूर्ण नाव घ्यावे. लिनक्सची स्वतःची काही कामेही बरेचदा पायथनवर चालतात, तेव्हा तिथली मूळ आवृत्ती उखडू नये. प्रत्येक कामाला आपापली स्वतंत्र खोली देण्याची सोय तिसऱ्या आवृत्तीत २०१२ पासून आहे. एका खोलीतली उलथापालथ दुसरीत पोचत नाही.

दुसऱ्या आवृत्तीची अधिकृत देखभाल १ जानेवारी २०२० रोजी थांबली. तिच्यातल्या नव्या त्रुटी आता मूळ मंडळी दुरुस्त करत नाहीत. म्हणून इंटरनेटशी जोडलेल्या कामाला ती नको. पण तोच मजकूर दोन्हींतून काढून उत्तरे ताडून पाहायला ती हवी. उत्तरे जुळली, किंवा का जुळत नाहीत ते उमगले, की जुनीला खुशाल निरोप द्यावा. त्याआधी मात्र नाही.